पिंपापासून बायोचारची भट्टी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एक आगकाडी पेटवा आणि ती आडवी धरून शांतपणे बघा. ज्वाळा काडीवरून पुढे सरकत जाते आणि मागे काळा, बारीक, वाकलेला कोळसा उरतो. नीट पाहिलंत तर ज्वाळा लाकडाला टेकलेली नसते, मध्ये एक पातळ पोकळी असते. जळत असतो तो लाकडातून बाहेर पडणारा वायू. ज्वाळा जोपर्यंत काडीभोवती आहे, तोपर्यंत आतल्या कोळशापर्यंत हवा पोचत नाही. ज्वाळा पुढे गेली की काळं टोक लाल होतं आणि राख होऊन गळून पडतं. त्याआधीच काडी पाण्यात बुडवली, तर कोळसा शाबूत राहतो.

बायोचारची, म्हणजे जमिनीत घालायच्या कोळशाची, भट्टी हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. वर ज्वाळा, खाली कोळसा, आणि खालून हवेला अजिबात वाट नाही. नवखी माणसं पिंप आणतात आणि सगळ्यात आधी त्याच्या तळाला भोकं पाडतात, कारण चुलीला हवा लागते हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. चुलीचा हेतू लाकूड पूर्ण जाळणं हा असतो. आपल्याला ते अर्ध्यावर थांबवायचं आहे. म्हणून भट्टी बांधताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: इथून हवा आत जाईल का?

हा खटाटोप कशासाठी

लाकूड, काटक्या किंवा पिकांचे टणक अवशेष कमी हवेत तापवले की आधी पाणी निघून जातं. मग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे घटक तुटू लागतात आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. मागे उरतो तो बहुतांशी कार्बन. जमिनीत घालण्यासाठी केलेल्या अशा कोळशाला बायोचार म्हणतात. त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. चांगल्या तापलेल्या एका ग्रॅम बायोचारच्या आतल्या भिंती पसरल्या तर शेकडो चौरस मीटर भरतात. या छिद्रांत पाणी टिकतं, अन्नद्रव्यं धरून ठेवली जातात आणि जिवाणूंना आसरा मिळतो. शिवाय पालापाचोळा कुजून त्यातला कार्बन काही वर्षांत पुन्हा हवेत जातो, तसं याचं होत नाही. बायोचारमधला मोठा भाग शेकडो वर्षं मातीत राहू शकतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या जुन्या वस्त्यांनी कोळसा, हाडं, खापऱ्या आणि कचरा मिसळून तयार झालेली काळी माती आजही काळी आणि सुपीक आहे. तिला 'टेरा प्रेटा' म्हणतात.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. बायोचारसाठी झाड तोडू नका. आणि जे सहज कुजतं ते कुजवाच. हिरवा पाला, गवत, भाजीपाल्याचे अवशेष कंपोस्टमध्ये जास्त कामाचे आहेत. छाटणीच्या फांद्या, पऱ्हाट्या, तुराट्या, बांबूचे तुकडे अशा वर्षानुवर्षं बांधावर पडून राहणाऱ्या किंवा शेवटी उघड्यावर पेटवल्या जाणाऱ्या गोष्टी भट्टीसाठी घ्याव्यात.

कुठली भट्टी निवडायची

घरगुती पद्धती मुख्यतः तीन. पहिली बंद डब्याची: एका डब्यात लाकूड भरून झाकण लावायचं, वायू बाहेर पडायला बारीक वाट ठेवायची आणि तो डबा मोठ्या पिंपातल्या जाळात ठेवायचा. कोळसा छान होतो, पण आतल्या मालापेक्षा बाहेर जाळायला लागणारं लाकूड डोळ्यांत भरतं. दुसरी वरून पेटवायच्या उभ्या डब्याची: तळाला मोजकी भोकं, वर जादा हवेची भोकं आणि चिमणी. ही शेगडीसारखी चालते, पण भोकांचं प्रमाण जमलं नाही तर एकदम धूर नाहीतर एकदम राख. तिसरी उघड्या तोंडाची, ज्वाळेचा पडदा वापरणारी. हिच्यात झाकण नाही, भोकं नाहीत, चिमणी नाही. स्वित्झर्लंडमधल्या इथाका इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये 'कॉन-टिकी' नावाची शंकूच्या आकाराची भट्टी पुढे आणली. तिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवल्यामुळे ही पद्धत जगभर पसरली.

सुरुवात करणाऱ्यांना मी निःसंकोचपणे तिसरी सुचवतो. सगळं डोळ्यांसमोर घडतं, चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते. पत्र्याचा अचूक शंकू करायला कसबी हात लागतो. आडवं कापलेलं पिंप मात्र कुणालाही जमण्यासारखं आहे.

पिंपाच्या आधी एक खड्डा

पत्रा कापण्याआधी एकदा जमिनीत करून पाहा. वरून सुमारे १ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर खोल, तळाकडे निमुळता होत जाणारा खड्डा खणा. बाजू फावड्याच्या पाठीने किंवा धुम्मसाने ठोकून घट्ट करा. पुढे सांगितलेली जाळण्याची पद्धत जशीच्या तशी इथे चालते. खर्च शून्य. मातीची भिंत हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे तत्त्व लगेच समजतं.

तोटे दोन. ओली माती उष्णता पिऊन घेते, म्हणून पावसाळ्यात हा प्रयोग नको. आणि विझवायला ओतलेलं पाणी झिरपून जातं, त्यामुळे ते बरंच जास्त लागतं. जिथे कुजक्या पानांचा जाड थर आहे किंवा झाडांची मुळं पसरली आहेत, तिथे खड्डा करूच नका. आग मुळांतून जमिनीखाली धुमसत जाते आणि दुसऱ्याच दिवशी भलतीकडे वर येते.

पिंप निवडताना

२०० लिटरचं लोखंडी पिंप घ्या. त्याचा व्यास ५७–५८ सेंटीमीटर आणि उंची ८८ सेंटीमीटरच्या आसपास असते. दोन्ही तोंडं बंद असलेलं आणि एका टोकाला दोन बुचं असलेलं पिंप हवं. एक बुच मोठं असतं, एक लहान. झाकण पूर्ण निघणारं पिंप आडवं कापलं तर एक बाजू उघडी पडते, म्हणून ते नको.

आत आधी काय होतं हे नक्की माहीत नसेल तर ते पिंप घेऊ नका. कीटकनाशक, रसायन, रंग, थिनर, पेट्रोल, डिझेल यांपैकी काही असेल तर धुऊन घेऊ असाही विचार नको. खाद्यपदार्थांची पिंपं त्यातल्या त्यात बरी. आतून सोनेरी किंवा तपकिरी चकचकीत लेप असलेल्यांपेक्षा साधा, उघडा लोखंडी पत्रा चांगला. गॅल्व्हनाइज्ड पत्रा पूर्ण वर्ज्य. त्यावरचं जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि भट्टी त्यापेक्षा खूप जास्त तापते. जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. पत्र्यावर चंदेरी, बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसली तर ते जस्त समजा.

कापणं

संपूर्ण कामातला सगळ्यात धोक्याचा टप्पा हा आहे, जाळ नाही. रिकामं दिसणारं पिंप खरं तर रिकामं नसतं. तळाशी चमचाभर तेल उरलेलं असलं तरी पत्रा कापायच्या ग्राइंडरच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि बंद पिंपात ठिणगी पडली की स्फोट होतो. म्हणून दोन्ही बुचं काढा, धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने पिंप दोनदा खळखळून धुवा, आणि बुचं उघडी ठेवून काही दिवस उन्हात वाळू द्या. वास येत असेल तर पुन्हा धुवा. तरीही येत असेल तर ते पिंप सोडून द्या. ग्राइंडर आधी कधी हातात धरलेला नसेल तर तो इथे शिकायला जाऊ नका. फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या माणसाला ते अर्ध्या तासाचं काम आहे. त्यालाही पिंपात आधी काय होतं ते सांगा.

आता खूण कशी करायची. पिंप सपाट जमिनीवर आडवं ठेवा आणि असं फिरवा की एक बुच बरोबर वर आणि दुसरं बरोबर खाली येईल. दोन्हीकडे दगड लावून ते पक्कं करा. मग पिंपाच्या व्यासाच्या निम्म्या उंचीचा, म्हणजे २८–२९ सेंटीमीटरचा, लाकडी ठोकळा घ्या. ठोकळ्यावर खडू दाबून धरा आणि ठोकळा जमिनीवर सरकवत पिंपाभोवती पूर्ण फेरी मारा. चारही बाजूंनी एकाच पातळीत सरळ रेघ उमटते. मोजपट्टीने गोल पत्र्यावर रेघ मारायला गेलात तर ती हमखास तिरकी जाते.

या रेघेवर कापलं की दोन सारख्या डोणी मिळतात. प्रत्येकी सुमारे १०० लिटरची, आणि प्रत्येकीच्या एका टोकाला अगदी तळाजवळ एक बुच. मोठ्या बुचाची डोण भट्टीसाठी ठेवा, कारण विझवल्यानंतर पाणी काढायला ते भोक फार कामाला येतं. दुसरी डोण पाणी साठवायला किंवा बायोचार मुरवायला घ्या. टोकांच्या दुमडलेल्या काठापाशी पत्रा जाड असतो. तिथे घाई केली तर चकती अडकते आणि ग्राइंडर झटका देतो. चष्मा, कातडी हातमोजे आणि कानाला बोळे हवेतच.

डोणीची भट्टी करणं

कापलेली धार वस्तऱ्यासारखी असते. आधी ती कानसने घासून काढा. मग दोन्ही लांब काठांवर इंचभर रुंदीची लोखंडी पट्टी बोल्टने बसवा. पट्टी नसली तरी भट्टी चालते, पण पाच-सहा जाळांत काठ लाटेसारखे वाकतात आणि डोण फाकत जाते. उचलायला दोन्ही टोकांना वरच्या काठाजवळ जाड सळईची कडी बसवा. सगळी भोकं काठापासून तीन-चार सेंटीमीटरच्या आतच असू द्या. त्याखाली एकही भोक नको.

बुचाला आतून रबराची चकती असते, ती काढून टाका, नाहीतर जळून घाण वास येईल. बुच लोखंडी असेल तर हाताने फिरवून बसवा आणि आतून ओल्या चिकणमातीने लिंपा. प्लॅस्टिकचं असेल तर फेकून द्या आणि भोकात मातीचाच गोळा घट्ट ठासा. हा गोळा तापून विटेसारखा होतो आणि नंतर सळईच्या एका ठोक्याने निघतो.

जागा अशी निवडा की वर फांद्या किंवा तारा नाहीत आणि चारही बाजूंनी किमान पाच मीटरपर्यंत वाळलेलं गवत, गंजी, भिंत काही नाही. छपराखाली किंवा बंद जागेत कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. तुमच्या भागात उघड्यावर जाळ करण्याबद्दल काय नियम आहेत तेही आधी विचारून घ्या. डोण जमिनीवर ठेवताना बुचाकडची बाजू दोन-तीन सेंटीमीटर खाली राहू द्या आणि दोन्ही अंगांना माती चढवून ठोका. मातीमुळे डोण कलंडत नाही आणि उष्णता आत राहते.

पहिला जाळ फक्त रंग घालवण्यासाठी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे वारा पाठीवर घेऊन उभे राहा, काटक्यांचा जोरदार जाळ करा आणि त्यातून निघालेला कोळसा किंवा राख खाण्याच्या पिकांना घालू नका.

माल तयार करणं

ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, १५ असेल तर उत्तम. मोजायला यंत्र लागत नाही. बोटाएवढी फांदी वाकवा. कट्कन मोडली तर ती तयार आहे. वाकून साल लोंबकळली तर अजून दोन-तीन आठवडे आडोशाला रचून ठेवा. ओलं लाकूड घातलं की सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, ज्वाळा बसते आणि धूर सुरू होतो.

या मापाच्या भट्टीसाठी जाडी करंगळीपासून मनगटापर्यंत ठेवा, ५ सेंटीमीटरच्या पुढचं फोडून घ्या. लांबी ७५ सेंटीमीटरपेक्षा कमी. बारीक आणि जाड असे वेगळे ढीग करा, ऐन जाळाच्या वेळी निवडत बसायला वेळ मिळत नाही. बांबू चांगला, पण तो फोडून घ्या. बंद पेरातली हवा तापून पेर बंदुकीसारखं फुटतं.

रंगवलेलं, पॉलिश केलेलं लाकूड, प्लायवूड आणि वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेले खांब बाजूला ठेवा. अशा लाकडात तांबं, क्रोमियम, आर्सेनिक असू शकतं आणि ते सगळं तुमच्या मातीत जाऊन बसेल.

जाळ

सुरू करण्याआधी किमान १०० लिटर पाणी बादल्यांत किंवा पिंपात भरून भट्टीशेजारी ठेवा. नळाच्या भरवशावर राहू नका. सुती, अंगभर कपडे, बंद बूट, हातमोजे, चष्मा. लांब दांड्याचं फावडं आणि दाताळं हाताशी. सोबत आणखी एक माणूस असलाच पाहिजे, आणि मुलं लांब.

डोणीत बारीक, खडखडीत वाळलेल्या काटक्या आडव्या-उभ्या अशा जाळीसारख्या काठापर्यंत रचा, मध्ये मोकळी जागा राहू द्या. वर मूठभर वाळलेलं गवत आणि ढलप्या ठेवा आणि वरूनच पेटवा. रॉकेल, पेट्रोल काही नको. खालून पेटवलं तर धूर वरच्या थंड काटक्यांमधून तसाच बाहेर येतो. वरून पेटवलं की खालून निघणारा प्रत्येक वायू ज्वाळेतूनच वर जातो आणि जळून जातो. पाच-सात मिनिटांत पूर्ण रचना पेट घेते आणि कोसळून निखाऱ्यांचा थर होतो. दाताळ्याने तो तळभर सारखा पसरवा.

इथून पुढे खरं काम. निखाऱ्यांवर काटक्यांचा एकच थर, लांबीला समांतर, अंतरा-अंतराने घाला. तो पेटतो, त्याच्या ज्वाळा पूर्ण तोंडावर पसरतात आणि खालच्या निखाऱ्यांकडे जाणारा प्राणवायू वरच्या वर खाऊन टाकतात. आता निखाऱ्यांच्या कडांकडे बघत राहा. काळ्या-लाल काटकीच्या कडेवर पांढरी, पिठासारखी बारीक किनार धरू लागली की समजायचं, वायू संपत आले आणि हवा कोळशाला लागते आहे. हीच पुढचा थर घालायची वेळ. घड्याळावर जाऊ नका. बारीक काटक्यांना दोन-तीन मिनिटं पुरतात, मनगटाएवढ्यांना दहाही लागतील.

धूर दिसला तर एकतर थर जाड झाला आहे, नाहीतर माल ओला आहे. काही करू नका, थांबा. ज्वाळा वर आली की धूर आपोआप जातो. बरोबर चाललेल्या भट्टीवर धूर जवळपास नसतोच, फक्त वरची हवा थरथरताना दिसते आणि पलीकडचं झाड पाण्यात पाहिल्यासारखं हलतं. हा देखावा एकदा डोळ्यांत बसला की पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागत नाही.

जाड लाकडं पहिल्या निम्म्या भागात घाला, त्यांना शिजायला वेळ मिळतो. शेवटचे दोन-तीन थर पुन्हा बारीक काटक्यांचे. मध्येच उलथापालथ करायचा मोह होतो, तो टाळा. खालचा कोळसा ढवळला की त्याला हवा लागते आणि इतका वेळ राखलेला माल डोळ्यांदेखत राख होतो. दाताळं फक्त वरचा थर सपाट करायला. वारा एका बाजूने येत असेल तर त्या अंगाला पत्रा उभा करा, नाहीतर ज्वाळा एका कोपऱ्यात ढकलली जाते आणि दुसरा कोपरा उघडा पडतो. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी पेटवूच नका.

दीड-दोन तासांत निखारे काठाखाली पाच-सात सेंटीमीटरपर्यंत येतात. नवा थर बंद करा. पिवळ्या ज्वाळा ओसरून जागोजागी छोट्या निळ्या ज्वाळा दिसू लागतील. आता जळतोय तो कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे लाकडातले वायू जवळपास संपले. आणखी वाट पाहिली तर फक्त राख वाढेल.

विझवणं

माझ्या पहिल्या भट्टीला मी दोन बादल्या पाणी घातलं. वरचा भाग काळा झाला, वाफ थांबली, तळाशी हात लावून पाहण्याचं सुचलं नाही. सकाळी उठून पाहिलं तर डोणीत नुसती करडी राख होती आणि तिच्यातून अजून धग येत होती. दोन तासांची मेहनत आणि महिनाभर वाळवलेल्या काटक्या गेल्या. कोळसा तळाशी तासन्‌तास जिवंत राहतो हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून पाणी भरपूर आणि टप्प्याटप्प्याने. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. पहिलं पाणी झारीने, कडेकडेने, हळू शिंपडा, कारण वाफ आणि गरम राख एकदम अंगावर येते. वाफेचा जोर ओसरल्यावर बादल्या ओता. कोळसा पाण्यात बुडलेला दिसला पाहिजे. मग फावड्याने तळापासून उकरा. कुठेतरी पुन्हा फस्सकन वाफ येईलच. तिथे आणखी पाणी. १०० लिटरच्या डोणीला ५० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सहज लागतं. तासभर तसंच बुडवून ठेवा, मग सळईने मातीचा गोळा फोडून पाणी सोडा. हे पाणी राखेमुळे अल्कधर्मी असतं. ते कोवळ्या रोपांना न घालता कंपोस्टच्या ढिगावर टाका.

पाणी कमी असेल तर पत्र्याने झाकून कडा ओल्या मातीने लिंपून गुदमरवता येतं, पण बारीकशी फट राहिली तरी आत धुमसत राहतं. मला त्याचा भरवसा वाटत नाही. कोणत्याही पद्धतीने विझवलं तरी त्याच दिवशी पोत्यात भरून घरात किंवा गोठ्यात ठेवू नका. उघड्यावर पसरून दुसऱ्या दिवशी हात घालून पाहा, पूर्ण थंड असेल तरच हलवा, आणि साठवताना थोडा ओलसरच ठेवा.

जमला की नाही

एक वाळलेला तुकडा दगडावर टाका. चांगला बायोचार काचेसारखा किणकिणतो, अर्धकच्चा दबका, लाकडी आवाज करतो. मोडून पाहा: आत तपकिरी गाभा नको. मग थोडी पूड ओल्या बोटांनी चोळा आणि साबण न लावता हात धुवा. काळेपणा नुसत्या पाण्याने निघून गेला तर छान. तेलकट चिकटून राहिला तर आत डांबर उरलं आहे, म्हणजे ताप कमी पडला.

उत्पादनाबद्दल अपेक्षा वाजवी ठेवा. वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश बायोचार मिळतो. ५० किलो काटक्यांतून कोरडा धरला तर १० किलो. बाकीचं लाकूड वाया गेलं असं नव्हे, त्याच्याच वायूंनी भट्टी तापवली.

जमिनीत घालण्याआधी मुरवणं

कोरा बायोचार थेट मातीत घातला तर तो रिकाम्या स्पंजासारखा वागतो. सभोवतालचं नत्र स्वतःकडे ओढतो आणि पहिल्या हंगामात पिकं पिवळी पडतात. "कोळसा घातला आणि उलटंच झालं" अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आधी तो फोडा. ओला असतानाच गोणपाटात भरून धुम्मसाने ठोका म्हणजे धूळ उडत नाही. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे पुरेत, पीठ करू नका. कोरडा फोडायची वेळ आलीच तर मास्क लावा, ही धूळ फुप्फुसांना वाईट. मग तेवढ्याच मापाचं चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा, शेणाचा पातळ काला किंवा पाण्यात मिसळलेलं गोमूत्र शिंपडून ओलसर ठेवा, आणि झाकून तीन-चार आठवडे मुरू द्या. आठवड्यातून एकदा खालीवर करा. याहून सोपी वाट म्हणजे नवं कंपोस्ट रचतानाच आकारमानाच्या दहाव्या हिश्शाएवढा बायोचार घालणं. एरवी अमोनिया होऊन उडून जाणारं नत्र त्यात अडकतं, ढिगाचा वासही कमी होतो.

मात्रा सुरुवातीला लहान ठेवा: एका चौरस मीटरला १ किलो कोरड्या वजनाने, वरच्या १०–१५ सेंटीमीटर मातीत मिसळून. शेजारी तेवढाच वाफा बायोचारशिवाय ठेवा, म्हणजे फरक तुमच्या डोळ्यांनी दिसेल. मातीचा सामू (पीएच) आधी तपासून घ्या. ताज्या बायोचारचा सामू बहुधा ८ ते १० असतो, त्यामुळे आम्लधर्मी, हलक्या, वालुकामय जमिनीला तो मानवतो. जमीन आधीच चोपण किंवा चुनखडीची असेल तर बायोचार दोन-तीनदा धुऊन राख काढून टाका आणि मात्रा निम्मी करा.

काम झालं की डोण पालथी घालून ठेवा. आत पाणी आणि ओली राख साचली तर पत्रा एका पावसाळ्यातच चाळणीसारखा होतो, आणि तळाला भोक पडलेली भट्टी पुन्हा चुलीसारखी वागू लागते. चाळताना निघालेले तपकिरी गाभ्याचे अर्धकच्चे तुकडे वाळवून बाजूला ठेवा. पुढच्या जाळात निखाऱ्यांच्या पहिल्या थरावर तेच आधी घालायचे.